शुक्रवारचं तापमान

उन्हाळ्यात तिकडे, आखातात, नळाला गार पाणी नसतंच. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात आणि मे ते सप्टेंबर नळ सोडला की हात भाजतो. घरी आम्ही गिझर बंद करून ठेवायचो आणि त्याच्या टाकीत साठलेलं पाणी गार म्हणून वापरायचो. नव्याने आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा, आणि पहिल्या आंघोळीनंतर हसू बंद व्हायचं. मला त्या पाण्याची जास्तीची एक काळजी होती. मला ते झाडांना घालायचं असायचं.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. ऑफिसांना, दवाखान्यांना शोभेची झाडं भाड्याने देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नोकरी करत होते. कंपनीची रोपवाटिका उम्म अल कुवैनला, इंडस्ट्रियल एरियाच्या मागच्या बाजूला, आणि झाडं ठेवलेली ऑफिसं बहुतेक दुबईत, देराच्या जुन्या इमारतींमध्ये. मी पुण्याहून शेतकीची पदवी घेतलेली. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर शारजाला आले, मुलगी शाळेत जायला लागली आणि पेपरातली जाहिरात बघून अर्ज केला. हुद्दा भारदस्त होता, प्लांट हेल्थ सुपरवायझर. हाताखाली कोणी नव्हतं. एक व्हॅन होती, ती चालवणारा एक पठाण होता, आणि अकरा ऑफिसं होती. प्रत्येक ऑफिसात आठवड्यातून एकदा जायचं.

काम सांगायला सोपं होतं. लक्स मीटरने उजेड मोजायचा. मातीत सळई खुपसून ओलावा बघायचा. पानं उलटी करून खाली लाल कोळी किंवा पिठ्या ढेकूण धरलाय का ते पाहायचं. मातीवर क्षारांची पांढरी खपली आली असेल तर ती खरवडून काढायची. गेल्या खेपेला पॅन्ट्रीत भरून ठेवलेल्या कॅनमधलं निवलेलं पाणी घालायचं आणि पुढच्या खेपेसाठी कॅन पुन्हा भरून ठेवायचा. मग कुंडीला लटकवलेल्या कार्डावर आकडे लिहायचे, तेच आकडे माझ्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि व्हॅनमध्ये येऊन बसायचं. व्हॅनचा एसी मागच्या सीटपर्यंत पोचायचा नाही.

सकाळी पाच वाजता उठून दोन डबे, मुलीची वेणी, तिची स्कूल बस. मग शारजा-दुबई रस्त्यावरचा ट्रॅफिक. संध्याकाळी उलटा ट्रॅफिक. नवरा साइट इंजिनिअर, त्याची साइट कधी जबल अलीला, कधी त्याच्याही पुढे. तो घरी यायचा तेव्हा बुटांत वाळू असायची आणि बोलायची ताकद नसायची. मलाही नसायची. एकमेकांवर रागवायलाही आम्ही सुट्टीच्या दिवसाची वाट बघायचो आणि सुट्टीच्या दिवशी झोपून जायचो. आजारी नव्हतो, काही दुःख नव्हतं. नुसते दमलेलो होतो, वर्षानुवर्षं.

झाडांचं मुख्य दुखणं शुक्रवारचं होतं. तेव्हा तिकडे गुरुवारी अर्धा दिवस आणि शुक्रवारी पूर्ण सुट्टी असायची. गुरुवारी दुपारी ऑफिस बंद करताना एसी बंद करून जायचे, तो शनिवारी सकाळीच लागायचा. दीड-पावणेदोन दिवस झाड बंद खोलीत भाजून निघायचं आणि शनिवारी एकदम त्याच्यावर गार झोत यायचा. फायकसची पानं तर अशी गळायची की झाडू मारणारा माणूस माझ्याकडे बघून मान हलवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला आम्ही व्हॅनभर मेलेली झाडं परत न्यायचो आणि व्हॅनभर नवी आणायचो.

आमचा मॅनेजर केरळचा होता, साठीला आलेला. हिंदी इंग्रजीसारखं बोलायचा आणि इंग्रजी मल्याळमसारखं. माणूस वाईट नव्हता. त्याने एक दिवस माझं रजिस्टर पुढे ओढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ये ऑफिस में एक भी रिप्लेसमेंट नहीं. पूरा समर. क्यों?"

ते देरातलं जहाजाने माल पाठवणाऱ्यांचं ऑफिस होतं, चौथ्या मजल्यावर. मोठा हॉल, मागे जुन्या फायली ठेवायची एक खोली. हॉलमध्ये सहा कुंड्या: दोन फायकस, एक रबर प्लांट, तीन ड्रॅसीना. तिथली झाडं खरंच तजेलदार होती. शनिवारी जाऊन मातीत बोट घातलं तर ओल लागायची. पानांवर धूळ नसायची. मला वाटायचं, झाडू मारणारा पुसत असेल. त्याहून जास्त विचार करायची माझी तयारी नव्हती. जिथे काम कमी तिथे आपण आनंदाने पुढे जातो.

"पता नहीं सर," मी म्हटलं.

"पता करो. फिर सब क्लायंट को बोलेगा, ऐसा करो."

मग आम्ही चार ऑफिसांत कमाल-किमान तापमापी लावले. कॉलेजात वेधशाळेच्या पिंजऱ्यात असायचे तसलेच, पण लहान. त्यात दोन बारीक पोलादी खुणा असतात. पारा त्यांना ढकलत नेतो आणि स्वतः मागे सरकतो, खुणा तिथेच राहतात. म्हणजे आपण नसताना सगळ्यात जास्त किती तापलं आणि सगळ्यात कमी किती, हे नंतर येऊन वाचता येतं. वाचून झालं की चुंबकाने खुणा खाली आणायच्या. भिंतीला खिळा ठोकायची परवानगी कुठेच मिळेना, म्हणून मी ते झाडाच्या आधाराच्या काठीलाच बांधून टाकले.

पहिल्या आठवड्याचे आकडे: एकोणचाळीस, चाळीस, चाळीस, आणि त्या चौथ्या मजल्यावर एकोणतीस. दुसऱ्या आठवड्यात तिथे अठ्ठावीस.

मॅनेजर खूश झाला, पण त्याला खात्री करून हवी होती. "मीटर खराब होगा तो? एक बार फ्रायडे को जाओ. बारह बजे दोपहर. अपनी आँख से देखो. बंद होगा तो बाहर से एसी का आवाज सुनो."

शुक्रवार म्हटल्यावर मला रडूच आलं. अख्ख्या आठवड्यात तेवढा एकच दिवस. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मग नाही म्हण ना." नाही म्हणायलाही जोर लागतो. त्या शुक्रवारी त्याची नेमकी साइटवर ड्यूटी निघाली, म्हणून सात वर्षांच्या मुलीला बरोबर घेतलं. व्हॅन नव्हती. शारजाहून शेअर टॅक्सीने देराला गेलो, पंधरा दिरहॅम गेले, म्हणजे दीडशे रुपयांच्या वर, असा हिशेब मी सवयीने मुलीला मोठ्याने सांगितला. ती म्हणाली, "ममा, वी आर नॉट इन इंडिया."

इमारत सुनसान होती. वॉचमन मला ओळखत होता. त्याने रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं, लिफ्टकडे हात केला आणि पुन्हा खुर्चीत मान टाकली. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडल्याबरोबर मुलगी थांबली.

"समवन इज कुकिंग," ती म्हणाली.

मलाही वास आला. मोहरी, हिंग, कांदा. बंद ऑफिसांच्या त्या कॉरिडॉरमध्ये, कार्पेटच्या कुबट वासात, कोणीतरी फोडणी केली होती. मी दार वाजवलं. बराच वेळ आत हालचाल नाही. मग पावलं वाजली आणि दार हातभर उघडलं.

समोर त्या ऑफिसातले डॉक्युमेंट्सचं काम बघणारे गृहस्थ उभे होते. दर शनिवारी मी त्यांना टाय लावून कागदांत डोकं खुपसून बसलेलं बघायची. पन्नाशी ओलांडलेले, चष्मा, केस मागे वळवलेले. "गुड मॉर्निंग मॅडम" यापलीकडे आमचं कधी बोलणं नव्हतं. आत्ता ते बनियन आणि पायजम्यात होते आणि हातात झारा होता.

"मॅडम, आप? आज तो छुट्टी है," ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता.

मी काही बोलायच्या आत मुलीने माझा हात ओढला. "ममा, आय ॲम हंग्री."

"अगं थांब जरा," मी म्हटलं.

त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मराठी?"

"हो."

"अरे देवा," असं म्हणून त्यांनी दार पूर्ण उघडलं. "या. या आत. उन्हातून आलात. पोहे होतायत."

मागची फायलींची खोली ही त्यांची खोली होती. दोन कपाटांच्या मधल्या फटीत गुंडाळलेली गादी उभी करून ठेवलेली. एका खोक्यात कपडे. खिडकीच्या कठड्यावर दाढीचा ब्रश, आरसा. जमिनीवर विजेची शेगडी, तिच्यावर कढई. आणि खोलीच्या मधोमध, दाटीवाटीने, माझी सहाच्या सहा झाडं.

"एसी फक्त या खोलीतला लावतो," ते घाईघाईने म्हणाले. "हॉलमधला नाही लावत. एवढा मोठा एसी एकट्या माणसाला कशाला. पण झाडं तिकडे होरपळतात. पहिल्या उन्हाळ्यात बघवेना. म्हणून गुरुवारी सगळे गेले की ओढत आत आणतो आणि शनिवारी सकाळी सहाला हॉल गार करून मगच परत जागच्या जागी ठेवतो. चुकतंय का काही?"

रबर प्लांटच्या काठीला बांधलेला माझा तापमापी मी पाहिला. सत्तावीसला पारा होता. तो झाडाबरोबर आत आला होता.

"पाणी कोण घालतं?"

"मीच. तुमचं कार्ड वाचतो ना. त्यावर छापलंय, जास्त पाणी घालू नये, आधी माती तपासावी. मग बोट घालून बघतो. दोन पेरं कोरडं लागलं तरच घालतो." ते बोट दाखवत म्हणाले. मग म्हणाले, "शुक्रवार फार लांब असतो हो ताई. पानं पुसत बसलं की दोन तास जातात."

पोहे आम्ही फायलींच्या खोक्यांवर बसून खाल्ले. त्यांनी स्वतःहूनच सगळं सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. एकोणीस वर्षं ते गल्फमध्ये होते. शारजाला घर होतं, बायको आणि मुलगा इथेच होते. मुलाची बारावी झाली, इंजिनिअरिंगला तो नाशिकला गेला आणि त्याच्याबरोबर बायकोही. एकट्याला घर कशाला, म्हणून ते सोडलं आणि एका खोलीत सहा जणांबरोबर बेडस्पेस, म्हणजे नुसती पलंगापुरती जागा, घेतली. खोलीतले सगळे वेगवेगळ्या शिफ्टचे. कोणीतरी कायम झोपलेलं, कोणीतरी कायम उठलेलं. दिवा कधी बंद नाही, टीव्ही कधी बंद नाही.

"माणसं चांगली होती," ते म्हणाले. "कुणाशी भांडण नाही. पण मला झोप येईना. एक महिना, दोन महिने, सहा महिने. ऑफिसात आकडे चुकायला लागले. एकदा बिल ऑफ लेडिंगवर चुकीचं बंदर लिहिलं, कंटेनर भलतीकडेच चालला होता. मग एका गुरुवारी जुनी फाइल शोधायला या खोलीत आलो आणि खाली बसलो. उठलो तेव्हा शुक्रवारची दुपार होती. इतकी झोप मला दीड वर्षात लागली नव्हती."

"आणि मग राहिलातच?"

"आधी फक्त गुरुवारी. मग रोज. आता अकरा महिने झाले." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चोरी नाही ना ही, ताई? कुणाचं काही घेत नाही मी. वीज जाते तेवढीच."

मी म्हटलं, नाही, चोरी कसली.

त्यानंतर जे झालं ते सांगायला मला अजून थोडी लाज वाटते. मुलगी त्यांच्या मागे लागून ओल्या फडक्याने ड्रॅसीनाची पानं पुसायला बसली. मी खुर्चीत टेकले. एसीचा एकसुरी आवाज होता, खिडकीला जाड पडदा होता, पोटात गरम पोहे होते. मी डोळे मिटले ते एक मिनिटभर म्हणून. जागी झाले तेव्हा अडीच तास झाले होते. अंगावर कोणीतरी धुतलेली चादर टाकली होती आणि मुलगी दबक्या आवाजात तापमापी वाचत होती. "ट्वेंटी सेव्हन, अंकल. स्टिल ट्वेंटी सेव्हन."

"उठवलं का नाहीत?" मी ओशाळून म्हटलं.

"कशी उठवणार?" ते म्हणाले. "मला ठाऊक आहे ना."

निघताना मी त्यांना सांगितलं, काळजी करू नका, मी कोणाला बोलणार नाही. ते मनापासून म्हटलं होतं.

शनिवारी रजिस्टर भरताना मी अडखळले. गेल्या दोन आठवड्यांचे एकोणतीस आणि अठ्ठावीस आधीच लिहिलेले होते. आता एकदम चाळीस लिहिलं तर मॅनेजर विचारणार. शिवाय खोटा आकडा लिहायचा हात मला नव्हता. कॉलेजात आमच्या सरांनी एका मुलाचं अख्खं वर्षाचं जर्नल फाडलं होतं, त्याने घरी बसून पावसाचे आकडे लिहिले म्हणून. खूण अठ्ठावीसला थांबली होती, मी अठ्ठावीस लिहिलं. झाडाला जे मिळालं ते अठ्ठावीसच होतं. मॅनेजरपलीकडे हे रजिस्टर कोण वाचतं, असा विचार केला.

रविवारी उम्म अल कुवैनला गेले तर नवीन माल उतरलेला. चाळीस-पन्नास झाडं, आणि निम्म्यांच्या पानांच्या बगलेत पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस. शेडनेटखाली उभं राहून साबणाच्या पाण्याने एक एक पान धुवायचं होतं. दमट हवा अशी की चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. मॅनेजर माझं रजिस्टर हातात घेऊन तिथेच आला.

"गई थी फ्रायडे को? मीटर बराबर है?"

"बराबर है सर."

"एसी चालू था?"

"जी."

"व्हेरी गुड. मैं उनको थँक यू लेटर लिखेगा. सब क्लायंट को कॉपी. देखो, ये ऑफिस कितना अच्छा है, वीकएंड में भी एसी चालू रखता."

मी हातातल्या पानाकडे बघत म्हटलं, "ओके सर."

बस, एवढंच. त्याच क्षणी मी म्हणू शकले असते, सर, पत्र नको. काहीही कारण सांगता आलं असतं. पण मला ते वाक्य ऐकू आलं आणि पोचलं नाही. माझ्यासमोर अजून तीस झाडं होती. परतीच्या वाटेवर, व्हॅन अजमानच्या सिग्नलला थांबली होती तेव्हा, ते वाक्य एकदम लख्ख आठवलं. उद्या सकाळी फोन करायचा असं ठरवलं. सकाळी मुलीला ताप भरलेला होता. दोन दिवस डॉक्टर, औषधं, नवऱ्याशी कोणी रजा घ्यायची यावरून वाद. बुधवारी फोन केला तर मॅनेजर म्हणाला, "लेटर? अरे, वो तो मंडे को फॅक्स हो गया."

शनिवारी मी चौथ्या मजल्यावर गेले. झाडं हॉलमध्ये आपापल्या जागी होती. मी कॅन उचलते न उचलते तोच ॲडमिन मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. तो लेबनॉनचा होता, पोट सुटलेला, नेहमी घाईत असणारा. टेबलावर आमच्या कंपनीचं पत्र होतं. केबिनचं दार उघडंच होतं आणि हॉलमधल्या सगळ्यांना सगळं ऐकू जात होतं.

त्याने इंग्रजीत विचारलं, आमचा एसी शुक्रवारी कोण लावतो? मी तर कुणाला सांगितलेलं नाही. खालच्या रजिस्टरमध्ये मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी तुझं नाव आहे, दुपारी आलीस, तीन तासांनी गेलीस. तू वर आलीस, इथे कोण होतं?

"कोणी नव्हतं," मी म्हटलं.

"मग दार कोणी उघडलं?"

माझ्या बोटांना माती होती आणि ती मी साडीच्या पदराला पुसत होते, एवढं मला आठवतं. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ते उठून केबिनच्या दारात आले. टाय नीट होता, हातात पेन तसंच होतं.

"सर, डोन्ट आस्क मॅडम," ते म्हणाले. "एसी मी लावतो. मी इथेच राहतो. फाइल रूममध्ये."

हॉलमध्ये टाइप करणारे हात थांबले. मला वाटलं होतं ॲडमिन मॅनेजर ओरडेल. तो ओरडला नाही. कपाळ चोळत म्हणाला, "हबीबी, इन्स्पेक्शन आलं, आग लागली, कुणाला काही झालं, तर मी काय सांगू? खलास. आज संध्याकाळपर्यंत सामान बाहेर."

"येस सर," ते म्हणाले आणि जाऊन जागेवर बसले. समोरचा कागद पुढे ओढला. मी सहा झाडांना पाणी घातलं. उजेड मोजला. सहा कार्डांवर आकडे लिहिले. त्यांच्या टेबलाजवळचं ड्रॅसीना शेवटी घेतलं.

"चुकलं माझं," मी हळूच म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. "आकडा बरोबरच होता ना ताई. तुम्ही काय चुकीचं लिहिलंत?"

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. आमचा एक बेडरूम-हॉल, हॉलमध्ये सोफा आणि मुलीचा अभ्यासाचा कोपरा. मी म्हटलं, निदान गुरुवारी रात्री आपल्याकडे झोपायला बोलावू या. "बोलाव," नवरा म्हणाला. "पण मला त्यांच्याशी गप्पा मारायला लावू नकोस."

ते आले. तीन गुरुवार आले. येताना मुलीसाठी काहीतरी आणायचे, कधी रंगीत पेन्सिली, कधी खजूर. जेवायचे, ताट स्वतः उचलायचे. आम्ही दिवे लवकर बंद करायचो, मुलीला टीव्ही लावू द्यायचो नाही, फ्रिज उघडतानाही आवाज होऊ नये म्हणून धरून उघडायचो. शुक्रवारी सकाळी ते चादर घडी करून बसलेले दिसायचे. "लागली का झोप?" मी विचारायची. "मस्त लागली," ते म्हणायचे, आणि डोळे लाल असायचे. परक्याच्या घरात पाहुणा म्हणून झोपणं हेसुद्धा एक कामच असतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. चौथ्या गुरुवारी त्यांचा फोन आला. "जरा काम निघालंय, ताई. पुढच्या वेळी बघू. इन्शाल्ला." मीही आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याचा नंतर त्रास झाला.

चौथ्या मजल्यावरचा शुक्रवार आता इतरांसारखा झाला. चाळीस, चाळीस, एकोणचाळीस. ऑगस्टच्या अखेरीस दोन्ही फायकस गेले. मॅनेजरने विचारलं, "क्या हुआ? इतना अच्छा ऑफिस था." मी म्हटलं, एसी बंद केला त्यांनी. तो हळहळला, त्याचं पत्र वाया गेल्यासारखं त्याला वाटलं असावं. आम्ही दोन नवीन फायकस ठेवले आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा दोन.

ते टेबलाशी बसलेले असायचे. बेडस्पेस पुन्हा घेतली होती, या वेळी शारजातल्या रोलाच्या बाजूला. एकदा मी पाणी घालत होते तेव्हा ते बसल्याबसल्या झोपले होते. पेन कागदावर टेकलेलं आणि शाईचा ठिपका पसरत चाललेला. शेजारच्या माणसाने मला खूण केली, असू दे. मी कॅन जमिनीवर टेकवला तोही आवाज न करता.

हिवाळ्यात त्यांनी राजीनामा दिला. मला त्यांच्या ऑफिसातूनच कळलं. मुलाचं इंजिनिअरिंग संपायला अजून वर्ष होतं. त्यांनी ठरवलेल्यापेक्षा ते एक वर्ष आधी चालले होते. शेवटच्या शनिवारी आम्ही भेटलो, पण त्यांचे लेबनॉनचे साहेब तिथेच उभे होते, म्हणून फारसं बोलता आलं नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं की मधल्या ड्रॅसीनाची टोकं करपतायत ती पाण्यामुळे का. मी म्हटलं, पाण्यातल्या क्षारांमुळे. महिन्यातून एकदा भरपूर पाणी घालून माती धुवून काढायची, ते खाली निथळू द्यायचं, बशीत साठू द्यायचं नाही. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं, जसं काही पुढच्या महिन्यात ते स्वतःच करणार होते.

ते गेले त्या दिवशी मी रोपवाटिकेत होते. संध्याकाळी घरी आले तर मुलगी म्हणाली, "दॅट अंकल कॉल्ड. फ्रॉम द एअरपोर्ट."

"काय म्हणाले?"

"ही सेड, टेल ममा थँक यू."

"आणि?"

"ही आस्क्ड अबाउट माय एक्झाम्स."

"तू काय सांगितलंस?"

"आय सेड फाइन."

मी आणखी विचारत राहिले, आवाज कसा होता, घाईत होते का, पुन्हा फोन करतो म्हणाले का, पत्ता दिला का. ती कंटाळली आणि तिच्या कोपऱ्यात जाऊन बसली. नवऱ्याची गाडी अजून यायची होती. मी थोडा वेळ तशीच फोनजवळ उभी राहिले, आणि मग डाळ धुवायला घेतली.